चंद्रपूर ते मुंबई : अंतर किती, वेळ किती?

मुलांनो, तुम्हांला कोणी विचारले, "चंद्रपूरपासून मुंबई किती दूर आहे?" तर तुम्ही काय सांगाल? रेल्वेने जाणारा म्हणेल, "सुमारे ८८० किलोमीटर." नकाशावर पट्टी ठेवून मोजणारा म्हणेल, "सुमारे ६८० किलोमीटर." आणि एखादी आजी म्हणेल, "एक रात्र आणि वर काही तास." तिघांचेही उत्तर बरोबर आहे. आजीचे उत्तर तर सर्वांत जुन्या पद्धतीचे आहे.

पूर्वी लोक अंतर वेळेनेच मोजत. उर्दूतला 'मंजिल' हा शब्द तुम्ही रोज वापरता. मंजिल म्हणजे मुक्कामाची जागा. एका दिवसात माणूस जेवढे चालेल, तेवढ्यावर त्याची मंजिल येई. हाच शब्द मराठीत 'मजल' झाला. 'मजल दरमजल करीत फौज पुढे निघाली' असे वाक्य तुम्हांला मराठी पुस्तकांत पुष्कळदा भेटेल. मजल किती कोसांची, हे ठरलेले नव्हते. सपाट मैदानात ती लांब असे, घाटात आणि जंगलात आखूड. रस्ता वाईट असला की मजल लहान होई, एवढेच. ही पद्धत मला मुळीच अडाणीपणाची वाटत नाही. का, ते पुढे कळेलच.

आता आपण नकाशा घेऊ. महाराष्ट्राच्या नकाशात पूर्वेच्या टोकाला चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे आहेत. १९८२ पर्यंत हा एकच चंद्रपूर जिल्हा होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. गडचिरोली हे गाव शोधा. मग बोट सरळ खाली दक्षिणेकडे न्या. अगदी टोकाला, प्राणहिता आणि गोदावरी यांच्या संगमाजवळ, सिरोंचा दिसेल. ही दोन्ही गावे जवळजवळ एकाच रेखांशावर, म्हणजे ८० अंश पूर्व रेखांशावर आहेत. भूगोलात तुम्ही ज्याला तूल-बलद म्हणता, त्यालाच मराठीत रेखांश म्हणतात. अर्ज-बलद म्हणजे अक्षांश.

दोन गावे एकाच रेखांशावर असली की त्यांच्यातील अंतर काढणे फार सोपे असते. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. गडचिरोलीचा अक्षांश २० अंश ११ मिनिटे आणि सिरोंचाचा १८ अंश ५१ मिनिटे. वजाबाकी करा. फरक येतो १ अंश २० मिनिटे, म्हणजेच एक पूर्णांक एक तृतीयांश अंश. त्याला १११ ने गुणा. उत्तर येईल १४८ किलोमीटर. हे झाले हवाई अंतर, म्हणजे सरळ रेषेतले अंतर.

पण गडचिरोलीहून सिरोंचाला जाणारी बस दोनशे किलोमीटरांहून अधिक धावते. ती चामोर्शी, आष्टी, आलापल्ली असे करीत जाते. रस्ता असा का वळतो? कारण मध्ये नद्या आहेत, ओढे आहेत, टेकड्या आहेत आणि दाट जंगल आहे. रस्ता बांधणाऱ्याला पुलासाठी योग्य जागा शोधावी लागते, वाटेतली गावेही जोडावी लागतात. सरळ रेषेला कोणतेच गाव जोडायचे नसते. म्हणून ती नेहमी आखूड असते.

आता चंद्रपूर आणि मुंबईकडे वळू. ही दोन शहरे वेगवेगळ्या रेखांशांवर आहेत, म्हणून हिशोब जरा मोठा आहे. तो तुम्ही पुढच्या इयत्तांत शिकाल. उत्तर मात्र आताच सांगतो : हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर. आता नागपूर ते मुंबई हे हवाई अंतर पाहा. तेही सुमारे ६८० किलोमीटरच येते. पट्टी ठेवून खात्री करून घ्या. नागपूर चंद्रपूरच्या उत्तरेला आहे, आणि मुंबई दोघांच्याही पश्चिमेला. त्यामुळे मुंबईपासून दोन्ही शहरे जवळजवळ सारखीच दूर आहेत.

यात एक गंमत आहे, आणि थोडे दुःखही आहे. चंद्रपूरजवळ मोरवा येथे विमानाची धावपट्टी आहे, पण तेथून नियमित प्रवासी विमाने सुटत नाहीत. म्हणून चंद्रपूरच्या माणसाला विमानाने मुंबईला जायचे असेल, तर आधी वरोरा, जांब या वाटेने नागपूर गाठावे लागते. हा रस्ता सुमारे दीडशे किलोमीटर. एवढा प्रवास करून तो मुंबईच्या किती जवळ पोहोचतो? मुळीच नाही! जेवढा दूर होता, तेवढाच दूर राहतो.

त्याच्या सगळ्या प्रवासाचा वेळ मोजू. घरातून निघून बसस्थानकापर्यंत अर्धा तास. नागपूरपर्यंत तीन तास. विमान सुटण्याच्या दोन तास आधी विमानतळावर हजर राहायचे, कारण सामानाची आणि माणसांची तपासणी असते. विमानाचा प्रवास दीड तास. मुंबईला उतरून सामान मिळेपर्यंत अर्धा तास. मग मुंबईच्या गर्दीतून मुक्कामाच्या ठिकाणी पोहोचायला एक तास. बेरीज साडेआठ तास झाली. आता ६८० ला साडेआठने भागा. वेग आला ताशी ८० किलोमीटर. विमान तर ताशी ८०० किलोमीटर वेगाने उडते. पण घरापासून घरापर्यंतचा हिशोब केला, तर आपला प्रवासी मोटारीच्या वेगानेच गेला! साडेआठ तासांतले सात तास तो जमिनीवर होता.

तुमच्यापैकी एखादा हुशार विद्यार्थी येथे हात वर करील. ६८० किलोमीटर अंतर आणि ताशी ८०० किलोमीटर वेग, तर विमानाला एक्कावन्न मिनिटेच लागायला हवीत. मग वेळापत्रकात दीड तास का लिहिलेला असतो? प्रश्न चांगला आहे. विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा वेळ त्यात धरलेला असतो. आधी ते धावपट्टीपर्यंत सावकाश चालत जाते. पुढे विमाने असतील, तर रांगेत उभे राहते. उडाल्यावर लगेच त्याला पूर्ण वेग येत नाही, आणि उतरण्याआधी बराच वेळ तो कमी करावा लागतो. मुंबईच्या विमानतळावर फार गर्दी असते. तेथे उतरायला जागा मोकळी नसेल, तर विमान आकाशातच घिरट्या घालीत थांबते.

शिवाय वारा असतो. दहा-बारा किलोमीटर उंचीवर हिवाळ्यात आपल्याकडे पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. समजा, वाऱ्याचा वेग ताशी ८० किलोमीटर आहे. नागपूरहून मुंबईला, म्हणजे पश्चिमेकडे जाताना विमान वाऱ्याच्या विरुद्ध जाते. त्याचा जमिनीवरचा वेग ८०० वजा ८०, म्हणजे ७२० होतो. परत येताना वारा पाठीशी असतो. तेव्हा वेग ८८० होतो. जाताना सुमारे ५७ मिनिटे लागतात आणि येताना सुमारे ४६. अंतर तेच, विमानही तेच, तरी अकरा मिनिटांचा फरक! नदीत होडी चालवणाऱ्याला यात काहीच नवल वाटणार नाही.

आणि आकाशात रस्ते नसले, तरी विमान नेहमी सरळ रेषेत जाते असे नाही. त्याला ठरवून दिलेल्या हवाई मार्गांनी जावे लागते. वाटेत वादळी ढग आले, तर वळसा घ्यावा लागतो. पक्ष्यांचे तरी वेगळे काय असते? ताडोबाच्या जंगलात जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातील पिंजोर येथून दहा गिधाडे आणली होती. ती पांढऱ्या पाठीची, आता फार दुर्मिळ झालेली गिधाडे. त्यांच्या अंगावर छोटी यंत्रे बसवली होती. त्यामुळे पक्षी कोठे आहे हे उपग्रहाच्या मदतीने कळत असे. पावसाळ्यात ती मोकळी सोडली. त्यांतले एक गिधाड वर्ष संपण्याआधी तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात पोहोचले. ताडोबा आणि पुदुकोट्टई ही ठिकाणेही गडचिरोली-सिरोंचासारखी जवळजवळ एका रेखांशावर आहेत. त्यांच्यात सुमारे दहा अंशांचा फरक आहे, म्हणजे हवाई अंतर सुमारे ११०० किलोमीटर. गिधाड मात्र वेगवेगळ्या राज्यांतून फिरत फिरत सुमारे ४००० किलोमीटर उडाले होते. त्याला कोणी वेळापत्रक दिलेले नव्हते.

आता देशाबाहेर जाऊ. विदर्भातील हज यात्रेकरूंसाठी नागपूरहूनही विमाने सुटत आली आहेत. चंद्रपूर, बल्लारपूर, वडसा येथील कितीतरी कुटुंबांनी आपल्या घरच्या माणसांना नागपूरला जाऊन निरोप दिला असेल. नागपूर आणि जेद्दा यांचे अक्षांश जवळजवळ सारखेच आहेत : दोन्ही २१ आणि २२ अंशांच्या मधले. मग विमान नाक पश्चिमेकडे ठेवून सरळ गेले की झाले, असे वाटेल. पण पृथ्वी गोल आहे. वर्गात पृथ्वीगोल असेल, तर एक दोरा घ्या. त्याचे एक टोक नागपूरवर आणि दुसरे जेद्दावर धरून दोरा ताणा. काय दिसते? दोरा किंचित उत्तरेकडे सरकतो! त्याचा मध्य ओमानच्या पूर्व किनाऱ्यावरील सूर शहराच्या आसपास येतो. पृथ्वीवरच्या दोन ठिकाणांमधला सर्वांत आखूड मार्ग हा असा असतो. या मार्गाने नागपूर ते जेद्दा अंतर सुमारे ४१२० किलोमीटर भरते. अक्षांशाच्या रेषेवरून गेले, तर पंधराएक किलोमीटर जास्त पडतात.

एवढ्याशा फरकासाठी दोऱ्याची खटपट कशाला, असे तुम्ही म्हणाल. जवळच्या प्रवासात खरोखरच फरक पडत नाही. पण मुंबई आणि न्यूयॉर्क घ्या. सपाट नकाशावर पट्टी ठेवली, तर रेषा अरबस्तान आणि आफ्रिकेच्या वाळवंटावरून जाते. दोरा ताणला, तर तो पार ६५ अंश उत्तर अक्षांशाजवळ, बर्फाळ प्रदेशाकडे जातो! आणि हा उत्तरेकडचा मार्गच आखूड असतो : सुमारे १२,५०० किलोमीटर. पृथ्वीगोलाशिवाय ही गोष्ट पटणे कठीण आहे, म्हणून दोरा जरूर ताणून पाहा.

पूर्वी हज यात्रेकरू मुंबईहून जहाजाने जात. समुद्रात आठवडाभर किंवा त्याहून अधिक दिवस जात असत. १९९५ मध्ये ही जहाजे बंद झाली. विमानाला नागपूरहून जेद्दाला साडेपाच तासांच्या आसपास लागतात. समजा, विमान सकाळी दहा वाजता नागपूरहून सुटले. साडेपाच तासांनी तुमच्या घड्याळात साडेतीन वाजतील. जेद्दाच्या विमानतळावरील घड्याळ मात्र एकच वाजल्याचे दाखवील. घड्याळ बिघडलेले नाही. सौदी अरबस्तानची वेळ भारतीय वेळेपेक्षा अडीच तास मागे आहे. येताना उलट होते. जेद्दाहून सकाळी दहाला निघालेले विमान साडेपाच तासच उडते, पण नागपूरला पोहोचते संध्याकाळी सहा वाजता. म्हणून तिकिटावरच्या दोन वेळांची नुसती वजाबाकी करून प्रवासाचा वेळ काढू नका.

हा फरक का पडतो? पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते, म्हणजे एक अंश फिरायला तिला चार मिनिटे लागतात. पूर्वेकडच्या गावात सूर्य आधी उगवतो आणि आधी मावळतो. हे समजायला जेद्दापर्यंत जाण्याचीही गरज नाही. रमजानच्या महिन्यात चंद्रपूरचे वेळापत्रक आणि मुंबईचे वेळापत्रक शेजारी ठेवून पाहा. चंद्रपूरला इफ्तार सुमारे २५ मिनिटे आधी असतो. दोन्ही शहरांच्या रेखांशांत सुमारे साडेसहा अंशांचा फरक आहे. त्याला चारने गुणले की ही मिनिटे मिळतात. घड्याळ साऱ्या भारतात एकच आहे, सूर्य मात्र प्रत्येक गावाचा वेगळा आहे.

आणि विमानात बसलेल्या रोजेदाराचे काय होते? विमान पश्चिमेकडे चालले असेल, तर ते जणू सूर्याचा पाठलाग करीत असते. आपल्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १५७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरते. विमान तिच्या निम्म्याहून अधिक वेगाने उलट दिशेला जाते. त्यामुळे सूर्य नेहमीच्या निम्म्याहूनही कमी वेगाने खाली उतरतो. खिडकीशी बसलेल्या माणसाची संध्याकाळ संपता संपत नाही. परत येताना मात्र अंधार झपाट्याने पडतो.

साडेपाच तासांत चार हजार किलोमीटर! आता हेच साडेपाच तास घेऊन आपण पुन्हा आपल्या जंगलात येऊ. पायी चालणारा माणूस रानवाटेने तेवढ्या वेळात वीसएक किलोमीटर जाईल. बरोबर आजारी माणूस असेल, तर त्याहूनही कमी.

गडचिरोली जिल्ह्याच्या पूर्व भागात भामरागड आहे. येथे इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्या एकत्र येतात. गडचिरोलीपासून भामरागडचे हवाई अंतर सुमारे १०५ किलोमीटर आहे. रस्ता मात्र आलापल्लीवरून मोठा वळसा घेतो आणि पावणेदोनशे किलोमीटरांच्या आसपास जातो. भामरागडच्या अलीकडे दोन-तीन किलोमीटरवर हेमलकसा आहे. तेथे डिसेंबर १९७३ मध्ये बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे माडिया लोकांसाठी दवाखाना चालवला. सुरुवातीच्या काळात या भागात धड रस्ते नव्हते, नद्यांवर पूल नव्हते. दूरच्या पाड्यांवरचे लोक आजाऱ्याला खाटेवर घालून, खांद्यावर उचलून, दिवस-दिवस चालत आणीत. त्यांच्यापैकी कोणाला विचारले असते, "गाव किती दूर?" तर त्यांनी किलोमीटर सांगितले नसते. एक मुक्काम, दोन मुक्काम, असेच सांगितले असते. तापाने फणफणलेल्या मुलाच्या आईला तेवढेच कळायला हवे असते. दवाखाना वीस किलोमीटरवर आहे, हे समजून तिला काय उपयोग? मूल तोपर्यंत तग धरील का, हा तिचा प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर तासांतच द्यावे लागते.

या भागात हवाई मार्गही उपयोगी पडतो, पण तो सर्वांसाठी नसतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत गडचिरोलीच्या दुर्गम भागातील मतदान केंद्रांवर कर्मचाऱ्यांना हेलिकॉप्टरने नेले होते. हेलिकॉप्टर ताशी २०० किलोमीटर वेगाने गेले, असे धरू. गडचिरोली ते भामरागड १०५ किलोमीटर जायला त्याला अर्ध्या तासाहून थोडा अधिक वेळ लागेल. त्याला धावपट्टी लागत नाही, एखादे मोकळे मैदान पुरते. ते नद्यांवरून, टेकड्यांवरून सरळ जाते. पण मुसळधार पाऊस आणि खाली उतरलेले ढग असले, की हेलिकॉप्टरलाही थांबावे लागते. नेमक्या त्याच दिवसांत रस्तेही बंद पडतात.

पर्लकोटा नदीला पूर आला, की भामरागडजवळच्या पुलावरून पाणी वाहू लागते. असे एकदा नव्हे, कितीतरी पावसाळ्यांत घडले आहे. मग पलीकडच्या गावांचा आलापल्लीशी संपर्क तुटतो. नकाशावर हेमलकसा आणि भामरागड यांच्यातले अंतर बोटाच्या पेराएवढेही नाही. एरवी ते चालत अर्ध्या-पाऊण तासाचे आहे. पूर आला की तेच अंतर कधी एका दिवसाचे होते, कधी तीन दिवसांचे. त्या तीन दिवसांत नागपूरचे विमान जेद्दाला कितीतरी वेळा जाऊन परत येईल.

म्हणून पावसाळ्यात भामरागडला निघालेला माणूस आलापल्लीच्या बसस्थानकावर किती किलोमीटर राहिले, असे विचारत नाही. तो तिकडून आलेल्या गाडीच्या चालकाला विचारतो, "पुलावर पाणी आहे का?"